बैलाचा हेतू आणि संसदेतली वीज

आमच्या घरात संसद टीव्ही बघणारा मी एकटाच. बायको म्हणते त्यापेक्षा सासू-सुनांची सिरियल बरी, तिथे निदान शेवटी कुणीतरी माफी मागतं. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद, माझी कामं बंद, तेव्हा लागलेली सवय आहे ही आणि ती काही सुटली नाही. आता क्लायंटच्या ऑफिसात चहा येईपर्यंत सुद्धा फोनवर लोकसभा चालू असते, आवाज बारीक करून.

मी एनर्जी ऑडिटर आहे. म्हणजे कोल्हापूर-सांगली भागातल्या फाउंड्र्या, सूतगिरण्या, दूध प्लांट अशा ठिकाणी जाऊन मीटर लावायचे, कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधायची, भट्टीला टनामागे किती युनिट लागतात ते मोजायचं आणि शेवटी मालकाला न आवडणारा एक रिपोर्ट द्यायचा. हा धंदा खरं तर २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने उभा केला, फ्रिजवरचे ते स्टार पण त्याच कायद्यातले, त्यामुळे माझी भाकरी संसदेतून येते असं मी गमतीत म्हणतो. तो कायदा झाला तेव्हा ऊर्जामंत्री होते सुरेश प्रभू, राजापूरचे खासदार, आणि राजापूर तालुका म्हणजे माझं आजोळ. पुढचा २००३ चा वीज कायदा, ज्याने वीज मंडळांच्या कंपन्या करायला लावल्या, तो पास झाला तेव्हा मंत्री अनंत गीते, तेही रत्नागिरीचे खासदार. सलग दोन ऊर्जामंत्री आमच्या कोकणातले, आणि तेव्हा मामाच्या घरी संध्याकाळी बल्ब असा पेटायचा की तो चालू आहे का हे बघायला बॅटरी मारावी लागायची. असो. मामा पुढे येणार आहे.

तर ८ ऑगस्ट २०२२. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत होतो, भट्टीचं लायनिंग बदलायचं काम चालू होतं म्हणून मालक निवांत होते, आणि फोनवर लोकसभा. त्या दिवशी विजेची दोन बिलं होती आणि मंत्री एकच, आर. के. सिंह. पहिलं वीज कायद्यात दुरुस्तीचं. ते मांडतानाच इतका गोंधळ झाला की ते तिथल्या तिथे ऊर्जेच्या स्थायी समितीकडे गेलं (आणि पुढे २०२४ ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तसंच पडल्या पडल्या मेलं). त्याच्या विरोधात शेतकरी संघटना होत्या, वीज कर्मचारी होते, सबसिडीचं काय, क्रॉस सबसिडीचं (एकाला महाग वीज लावून दुसऱ्याला स्वस्त द्यायची ती) काय, राज्यांच्या हक्काचं काय, सगळी भांडणं. दुसरं बिल ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्तीचं. ह्यात कार्बन क्रेडिटचा बाजार होता, मोठ्या कारखान्यांनी ठराविक ऊर्जा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, गॅस सोडून) स्रोतातून वापरायची सक्ती होती, मोठ्या निवासी इमारतींना ऊर्जेचा बिल्डिंग कोड लावायचं होतं. म्हणजे भारताच्या हवामान धोरणाचा कणा म्हणता येईल असं बिल. ते पास झालं आवाजी मतदानाने आणि थोड्या वेळाने अधिवेशनच गुंडाळलं, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी.

आवाजी मतदान तुम्ही कधी नीट ऐकलं नसेल तर एकदा ऐका. चर्चा संपली की पीठासीन अधिकारी एका सुरात सुरू करतात, प्रश्न यह है कि खंड दो विधेयक का अंग बने, जो इसके पक्ष में हैं वे हां कहें, हां, जो विपक्ष में हैं वे ना कहें, हां की जीत हुई, हां की जीत हुई, मग खंड तीन, मग खंड चार, सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना पुढच्या घरी जायचं असेल तर ते जसं म्हणतात ना तसं. मालक शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "साहेब, हे लिलाव करतायत काय?"

मी त्यांना समजावत बसलो. कार्बन क्रेडिट म्हणजे असं असं, तुम्ही ठरलेल्यापेक्षा कमी उत्सर्जन केलंत की सर्टिफिकेट मिळणार, ते विकता येणार. त्यांचे डोळे चमकले. माझ्याच सल्ल्याने त्यांनी दोन वर्षांपूर्वी नवी भट्टी बसवली होती आणि टनामागे साठ-सत्तर युनिट वाचवले होते. विचारलं, "मग आपल्याला किती मिळणार?" मी बिल उघडलं. त्यात किती हे नाही. कोणाला हे नाही. कधीपासून हेही नाही. जिथे तिथे एकच शब्द, विहित. केंद्र सरकार विहित करील त्याप्रमाणे. अधिसूचनेद्वारे ठरवील त्याप्रमाणे.

माझं म्हणणं ह्या शब्दापाशीच आहे. संसदेत कायद्याचा सांगाडा पास होतो आणि मांस नंतर मंत्रालयात चढतं. कायदेशीरच आहे ते, सगळ्या देशांत थोडंफार असं चालतं, इतक्या तांत्रिक गोष्टी सभागृहात कोण ठरवणार. नियम नंतर संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात, ठेवतात पण, आणि तिथे ते कुणी बघत नाही. ह्या बिलाचंच बघा. कायदा डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेतून पास होऊन १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, कार्बन क्रेडिटची योजना जाहीर झाली जून २०२३ मध्ये, आणि कारखान्यांना प्रत्यक्ष टार्गेट देणारे पहिले नियम आले ऑक्टोबर २०२५ मध्ये. अॅल्युमिनियम, सिमेंट, कागद, क्लोर-अल्कली. फाउंड्री नाही. मालकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले बरं झालं, कटकट नको. आकड्यांवर भांडण व्हायला हवं होतं ना? सिमेंटला किती टक्के, का तेवढेच, कोणी ठरवले, शिक्षा काय. ते आकडे आले तेव्हा माझ्यासारखे चार ऑडिटर व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडले, बस. कार्बनचा बाजार पर्यावरण मंत्रालयाकडे असावा की ऊर्जा मंत्रालयाकडे हा एक बरा प्रश्न त्या काळात उपस्थित झाला होता, कारण सगळं ऊर्जा मंत्रालयाकडे ठेवलं की जो वीज बनवायला सांगतो तोच धूर मोजणार. त्यावर खरं तर अख्खा दिवस बोलता आलं असतं.

हवामानाच्या बाबतीत अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, मला पण उशिरा कळली. आपण जगाला जे वचन देतो ते आधी संसदेत यावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय करार करणं हे आपल्याकडे सरकारचं काम, संसदेची मंजुरी लागत नाही, कायदा बदलायचा असेल तरच बिल आणावं लागतं. १ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी ग्लासगोत पंचामृत जाहीर केलं, २०७० पर्यंत नेट झिरो, २०३० पर्यंत ५०० गिगावॅट वगैरे. लोकसभेत हवामान बदलावर चर्चा झाली ती त्यानंतर, डिसेंबरमध्ये, नियम १९३ खाली. सुरुवात द्रमुकच्या कनिमोळींनी केली होती. नियम १९३ म्हणजे नुसती चर्चा. प्रस्ताव नाही, मतदान नाही, शेवटी मंत्री उत्तर देतात आणि विषय संपतो. लग्न लागून गेल्यावर पत्रिका जुळते का बघायची तसं. त्याच आठवड्यात जनरल रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, देशाचं लक्ष साहजिकच तिकडे होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या चर्चेला किती जागा मिळाली असेल ते सांगायला नको.

आणि ती चर्चा ऐकली तर जाणवतं की इथे विरोधी पक्ष नावाची गोष्टच नाहीये. म्हणजे आहे, टोमणे आहेत, पण मुद्द्याचं सगळे एकच बोलतात. धूर पश्चिमेने केला, आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, श्रीमंत देशांनी कबूल केलेले पैसे दिले नाहीत. खरं आहे हो सगळं, मी पण तेच बोलतो. पण सगळ्यांचं एकमत असलं की तपशील कोण तपासणार? भांडणारा नसला की हिशोब ढिले होतात, हे भाऊबंदकी बघितलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं, वाटणीच्या वेळी इंच इंच मोजतात आणि एकत्र असताना बांध कुठे गेला ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

उदाहरण देतो. ग्लासगोत म्हटलं होतं की २०३० पर्यंत भारत आपल्या ऊर्जेच्या गरजेपैकी ५० टक्के अक्षय ऊर्जेतून भागवेल. ऑगस्ट २०२२ मध्ये, हे संवर्धनाचं बिल लोकसभेत होतं त्याच दिवसांत, मंत्रिमंडळाने जे अधिकृत वचन मंजूर करून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलं त्यात शब्द आला की विजेच्या स्थापित क्षमतेपैकी सुमारे ५० टक्के बिगर-जीवाश्म स्रोतांची असेल. ऊर्जेची गरज गेली, स्थापित क्षमता आली. अक्षय गेलं, बिगर-जीवाश्म आलं, म्हणजे अणुऊर्जा पण आत.

तुम्ही म्हणाल काय फरक पडतो. अहो जमीन-अस्मानाचा पडतो. क्षमता म्हणजे घरात ताटं किती आहेत आणि निर्मिती म्हणजे पंगतीत किती वाढलं. एक मेगावॅट सोलर आणि एक मेगावॅट कोळसा, कागदावर ताट एकच, पण सोलरचं ताट रात्री रिकामं, ढग आले की रिकामं, वर्षाचा हिशोब केला तर पूर्ण क्षमतेच्या पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त. म्हणून २०२५ च्या मध्यावर आपण ५० टक्के क्षमता गाठली, पाच वर्षं आधी गाठली, ह्याचं कौतुक व्हायलाच हवं, मी फेसबुकवर केलं सुद्धा, पण वाढलेल्या अन्नापैकी अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचंच आहे. चंद्रपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, २९२० मेगावॅटच्या चिमण्या त्याच्या गच्चीवरून दिसतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरही हिशोब येतो. आता सभागृहात काय होतं बघा. प्रश्न विचारणारा निर्मितीचा आकडा काढतो, मंत्री क्षमतेचा आकडा देतात, दोघंही खरं बोलतात, दोघंही बाकं वाजवून घेतात.

संसदेने वेळेत काही केलं नाही की ते कोर्टात जातं, हे पण बघून ठेवलंय मी. आपल्याकडे हवामान बदलासाठी असा एक छत्री कायदा नाही. हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये नोंदवलं, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो असं म्हटलं. केस कशाची होती? माळढोकाची! राजस्थान-गुजरातमध्ये सोलर आणि पवनचक्क्यांच्या विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून तारा जमिनीखालून न्या अशी मागणी होती. सोलापूरच्या नान्नजला शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा गुरुजींनी तासभर दुर्बीण फिरवून लांबवर एक ठिपका दाखवला होता आणि आम्ही सगळे हो हो दिसला म्हणालो होतो. त्या ठिपक्याने देशाला हवामानाचा मूलभूत हक्क मिळवून दिला, संसदेने नाही.

२०१२ चं तर विचारूच नका. ३० आणि ३१ जुलैला ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य सगळं अंधारात, साठ कोटींच्या वर लोक, जगातला तोवरचा सगळ्यात मोठा ब्लॅकआउट. ऊर्जामंत्री आपले सुशीलकुमार शिंदे. त्याच ३१ तारखेला त्यांना गृहमंत्री केलं. आठवडाभराने पावसाळी अधिवेशन सुरू झालं, म्हटलं आता तरी ग्रिडवर कडकडीत चर्चा होणार, तर १७ ऑगस्टला कोळसा खाणींच्या वाटपावर कॅगचा अहवाल आला आणि उरलेलं अधिवेशन बहुतेक सगळं पाण्यात गेलं. गंमत बघा, देशाची वीज गेली त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि विषय कोळसाच होता, तरी कोळशावर चर्चा झाली नाही, फक्त घोषणा झाल्या. त्या खाणींचा निकाल शेवटी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने लावला, २१४ वाटपं रद्द.

आता कोणी म्हणेल हा माणूस नुसता संसदेला नावं ठेवतो. तसं नाहीये. मला तिथे आवडणाऱ्या गोष्टी पण आहेत आणि त्यातली एक म्हणजे प्रश्न. दिवसाला लोकसभेत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, तारांकित हिरव्या कागदावर छापतात, त्यातले पाच-सहाच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी. ही लेखी उत्तरं मी रात्री जेवण झाल्यावर वाचतो, लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं. अमुक जिल्ह्यात किती पंपांना सोलर दिलं, अमुक वीज केंद्रात धुराड्यातला सल्फर काढायचं यंत्र कधी बसणार, मुदत पुन्हा का वाढवली. उत्तर टाळायचं असेल तर दोन ठरलेल्या वाटा आहेत, एक म्हणजे माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल, आणि दुसरी म्हणजे हा राज्याचा विषय आहे. वीज समवर्ती सूचीत आहे, केंद्र पण कायदा करतं आणि राज्य पण, त्यामुळे विजेचं बिल कोणी वाढवलं ह्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही सभागृहांत, दिल्लीत आणि मुंबईत, समोर बोट दाखवून देता येतं.

शून्य प्रहरात खासदार उठून आपल्या गावच्या ट्रान्सफॉर्मरवर बोलतात तेव्हा दिल्लीतले इंग्रजी पत्रकार हसतात. देश नेट झिरोवर बोलतोय आणि हे ट्रान्सफॉर्मरवर. मला नाही हसू येत. ट्रान्सफॉर्मर जळाला की गावात डिझेल पंप बाहेर निघतो, मिनिटभरात. ज्याच्याकडे रात्री दोनलाच वीज येते तो शेतकरी साप-विंचवात अंधारात पाणी धरायला जातो, त्याला दिवसा सोलरची वीज दिली तर तो कुठल्याही परिषदेपेक्षा जास्त कोळसा वाचवेल. हवामान धोरण म्हणजे शेवटी हेच आहे. फक्त बोलणाऱ्या खासदाराला माहीत नसतं की तो हवामानावर बोलतोय, आणि हवामानावर बोलणाऱ्याला माहीत नसतं की ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा असतो.

ह्या दोन टोकांना एकदाच कुणीतरी जोडायचा प्रयत्न केला होता. २२ जुलै २००८, अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला म्हणून विश्वासदर्शक ठराव. लोकांना त्या दिवशी सभागृहात दाखवलेल्या नोटांच्या थप्प्या आठवतात. मला राहुल गांधींचं भाषण आठवतं, कारण त्यात आपल्या यवतमाळची कलावती होती, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली. तिची गरिबी आणि देशाची ऊर्जा ह्यांचा संबंध आहे असं ते सांगत होते आणि सभागृहात हशा पिकला होता. मांडणी फसली होती हे खरं, पण मुद्दा चुकीचा नव्हता. सरकार २७५ विरुद्ध २५६ ने वाचलं. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी तिचंच नाव काढलं, की तिला घर, वीज, गॅस आमच्या सरकारने दिला, आणि मग त्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की असं काही नाही. एका बाईच्या घरातला दिवा दोन पक्षांनी पंधरा वर्षांच्या अंतराने आपापल्या ताटात वाढून घेतला. तिला कोणी साक्षीला बोलावलं नाही, स्थायी समिती साक्षी घेते खरं तर, बोलावता आलं असतं.

मग मला संसदेत ऊर्जेवर खरी चर्चा कधी दिसली? एकदा दिसली. २०१०, अणु अपघातातल्या नुकसानभरपाईचा कायदा. आणि ती मला मामामुळे कळली.

जैतापूरला सहा अणुभट्ट्या, ९९०० मेगावॅट, हे तेव्हा जोरात होतं. मामाचं गाव तिथून जवळ, नाटे गावाच्या बाजूला. आंबा आणि थोडी मासळी. त्याचा विरोध, माझा नाही, मी अजूनही अणुऊर्जेच्या विरोधात नाही, आमची त्यावरून गणपतीत जेवताना भांडणं व्हायची आणि मामी म्हणायची आधी मोदक गिळा दोघांनी. तर दिल्लीत हे बिल सांभाळत होते पृथ्वीराज चव्हाण, आपले कराडचे, तेव्हा पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री. प्रश्न साधा होता, अणुभट्टी चालवणारी सरकारी कंपनी, अपघात झाला तर भरपाई तिने द्यायची, पण यंत्रच खराब दिलेलं असेल तर ज्याने विकलं त्याच्याकडून वसूल करता येणार की नाही. अमेरिकन, फ्रेंच कंपन्या म्हणत होत्या नाही. आणि नेमका त्याच वर्षी ७ जूनला भोपाळचा निकाल आला, इतक्या हजार माणसांच्या मृत्यूला दोन वर्षांची शिक्षा आणि लगेच जामीन. देश पेटला होता.

त्यामुळे ते बिल मार्चमध्ये मांडताच आलं नाही, मे मध्ये मांडलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि समितीच्या अहवालात एक शब्द सापडला, आणि. दोन उपकलमांच्या मध्ये नुसता आणि. त्या आणि मुळे अर्थ असा होत होता की आधी करारात लिहिलेलं असेल आणि शिवाय यंत्र सदोष असेल, दोन्ही झालं तरच पुरवठादाराला धरता येईल. विरोधकांनी, भाजप आणि डावे दोघांनी, तो आणि पकडला. सरकारने काढला. मग सरकारने दुसरा शब्द घातला, हेतू. पुरवठादाराने नुकसान करायच्या हेतूने केलं असेल तर. परत गदारोळ.

त्या आठवड्यात मामाचा फोन. त्याच्याकडे पेपर एक दिवस उशिरा यायचा. "काय रे, ठरवलानी काय?" मी सांगितलं असं असं, हेतू शब्दावर अडलंय. क्षणभर गप्प. मग म्हणाला, "बैल कुणाच्या शेतात शिरला तर त्याचा हेतू विचारतात होय रे? नुकसान किती ते बघतात आणि मालकाला धरतात."

मी तोवर त्या कलमावर इंग्रजी पेपरांतले चार लेख वाचले होते, आणि एकातही इतकं सरळ नव्हतं. २५ ऑगस्टला लोकसभेत बिल पास झालं ते हेतू काढून, आणि चालवणाऱ्या कंपनीच्या भरपाईची मर्यादा ५०० कोटींवरून १५०० कोटी करून. एका शब्दासाठी सरकार दोनदा मागे गेलं. त्याची किंमत पण मोजली आपण, परदेशी कंपन्या त्या कलमामुळे बिचकून राहिल्या, जैतापूरची अजून एक वीट नाही, मी ऑडिटर म्हणून हळहळतो आणि मामा खूश असतो. चव्हाण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री होऊन मुंबईत आले आणि जैतापूरचं आंदोलन त्यांच्याच दारात येऊन बसलं. पण चर्चा होती ती. ज्याला अपघाताची भीती होती त्याची भीती कलमात उतरली होती. हवामानाच्या बिलात कोणाची भीती उतरली? कोणाचं शेत, कोणता बैल, काहीच नाही, नुसतं विहित.

मग आला डिसेंबर २०२५. नवा अणुऊर्जा कायदा, नाव शांती. खासगी कंपन्यांना दार उघडलं, २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं लक्ष्य, तेव्हा आपण नऊच्याही आत होतो. सोमवारी लोकसभेत मांडला, बुधवारी तिथे पास, गुरुवारी राज्यसभेत पास. विरोधक म्हणत होते समितीकडे पाठवा, मग सभात्याग. २०१० चा कायदा रद्द, आणि पुरवठादाराला धरायचं ते कलम, ज्याच्यासाठी आणि काढला, हेतू काढला, ते नव्या कायद्यात नाहीच.

मी मामाला फोन केला. आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. म्हणाला, कुठलं कलम? म्हटलं बैलाचं.

"मग तेव्हा इतकं भांडले कशाला ते?"

म्हटलं, मामा, तेव्हा ते विरोधी पक्षात होते.

"आणि दुसरे? ज्यांनी हेतू घातलानी होता ते?"

ते आता भांडतायत, म्हटलं, कलम काढू नका म्हणून.

मामा बराच वेळ हसत होता, मग त्याला खोकला लागला आणि मामीने फोन काढून घेतला.